नारळीच्या बागेतली पंगत

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या बाजारात केळीच्या पानांचा भारा स्कूटरच्या मागे बांधला तर दोरी सुटली, पुन्हा बांधला तर पुन्हा सुटली. पानवाला म्हणतो कसा, "काय अम्मा, घरात लग्न वाटतं?"

"लग्न नाही, परीक्षा आहे. तू तोंड चालवू नकोस, गाठ मार नीट," मी म्हटलं.

परीक्षाच की हो. माझे चुलतभाऊ अनिरुद्धराव दुपारी आमच्या शेडवर जेवायला येणार होते. मी त्यांना अण्णा म्हणते. अण्णा नुसते जेवायला येत नव्हते. जेवून, बघून, हात धुऊन झाल्यावर ते सांगणार होते की शेड राहायची की जायची.

शेड म्हणजे आमची शाळा. कालव्याच्या कडेला इरुळर लोकांची वस्ती आहे. भातशेतांतले उंदीर पकडणं हे त्यांचं पिढीजात काम. कापणी झाली की बिळं खणायची, आणि उंदरांनी आत साठवलेल्या लोंब्या सापडल्या तर त्या खणणाऱ्याच्या. सरकारी शाळा आहे, तिथं सकाळचा नाश्ता आहे, दुपारचं जेवण आहे, कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण ती दोन गावं ओलांडून, आणि वाटेवर 'उंदीर आले रे, उंदीर आले' म्हणून ओरडणारी रिकामटेकडी टोळकी. पोरं थोडे दिवस जायची आणि मग पुन्हा शेतात पळायची. शेवटी वस्तीतल्या बायांनीच ठरवलं. आपली पोरं आधी आपल्या दारात शिकू देत, अंगात धीर आला की जातील मोठ्या शाळेत, आणि तोवर दुपारी आपणच रांधून घालू. रोज दोन घरांची पाळी. कुणी शेवग्याचा पाला आणतं, कुणी सरपण, कुणी शेतातले खेकडे. शिकवायला संगीता नावाची मुलगी येते. मी तंजावूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. घरात बसून राहिलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. माझ्या वाट्याला तांदूळ मिळवायचं काम आलं.

तांदूळ अण्णांचे. शेडची जागाही अण्णांची, त्यांच्या नारळीच्या बागेचा एक कोपरा. अप्पाजीकाका, म्हणजे अण्णांचे वडील, होते तोवर कुणी काही विचारलं नाही. काका गेल्यावर सगळा कारभार अण्णांकडे आला, आणि मागच्या आठवड्यात त्यांचा फोन. "भुवना, बागेला कुंपण घालून ती खंडानं द्यायची म्हणतोय. तुझ्या त्या शेडचं काय करायचं, ते एकदा डोळ्यांनी बघून ठरवतो."

तुझी शेड म्हणे. माझी कसली? पण मी गोड आवाजात म्हटलं, "या ना अण्णा, जेवायलाच या." आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला.

वस्तीवर पोचले तर अंजलै चुलीपुढे होती. तिची आज पाळी नव्हती, तरी आली होती. कारण उघड होतं. कापणी संपली की विटांच्या भट्ट्यांवरून मुकादम येतो, बायामाणसांना लॉरीत घालून घेऊन जातो, ती थेट आडी महिन्याच्या, म्हणजे आपल्या आषाढाच्या, तोंडाला परत येतात. लॉरी उद्या सकाळी यायची होती. शेड राहिली तर अंजलैची जननी, आठ वर्षांची पोर, इथं आजीजवळ राहणार, शिकणार, दुपारी पोटभर जेवणार. शेड गेली तर म्हाताऱ्या आजीला तिला रोज खाऊ घालणं झेपणार नाही. मग जननी आईबरोबर लॉरीत. भट्टीवर गेलेलं पोर पुढच्या वर्षी पुस्तकापाशी बसत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. ते विटा उलथायला शिकून येतं.

"अम्मा, पानं कशाला?" अंजलैनं भाऱ्याकडे बघून विचारलं. "मी ताटं घासून ठेवलीत."

"अण्णांना पंगत आवडते. पंगत म्हणजे पान. आणि खेकडे आज नकोत, झाका ते. वडै तळली का? पायसमला गूळ पुरे झाला का?"

"झाला अम्मा. तुम्ही जरा बसा."

बसायचं कसं? मी झाडलेली जमीन परत झाडली. पोरांचे केस विंचरले, ज्यांचे विंचरलेले होते त्यांचेही. संगीता म्हणाली, "मॅडम, तुम्ही चहा घ्या, मुलं घाबरताहेत." मी म्हटलं, "घाबरू देत, आज घाबरलेलीच बरी." आणि मग माझंच मला वाईट वाटलं.

अण्णांची गाडी बांधावरून आली तेव्हा झाडांखाली सारवलेल्या जागेवर पानं मांडून झाली होती. दोन ओळी, मध्ये वाढायला वाट. अण्णा उतरले. नेसलेली पांढरी वेष्टी, हातात फोन, चेहरा थकलेला. त्यांची हरिता चेन्नैहून माहेरी आली होती, सातवा महिना होता. त्याआधी दोनदा पोरीच्या पदरी निराशा आली होती, त्यामुळे घरातलं मांजर शिंकलं तरी अण्णा दचकायचे. त्यात मी त्यांना इथं बोलावलेलं.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"बसा तर खरं."

त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. पण ते म्हणाले, पंगतीत बसतो, आणि पोरांच्या ओळीला टोकाला खाली मांडी घालून बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. अप्पाजीकाकांचं रक्त आहे, नरम पडेल, असं वाटलं.

आणि पोरं! रोज ही पोरं जेवायला बसली म्हणजे नुसता दंगा. एकाची आमटी दुसऱ्याच्या अंगावर, कुणी कुणाची अंडी पळवतंय, संगीता ओरडून ओरडून घसा बसवून घेते. आज चिडीचूप. माना खाली. वाढणारीनं वाढावं, त्यांनी खावं, 'अजून दे' नाही की 'नको' नाही. एक लहानगं फिस्सकन हसलं, तर शेजारी बसलेल्या जननीनं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की ते तिथल्या तिथे गप्प झालं.

"केवढी शिस्त!" अण्णा मला आमच्या घरच्या मराठीत म्हणाले. "भुवना, मला वाटलं नव्हतं हं. आपल्या घरच्या कार्यात पोरं एवढी नीट बसत नाहीत."

मी फुगले. वरवर म्हटलं, "संगीता मेहनत घेते." पण आत काहीतरी खुपत होतं. जननीसमोर वाकून मी पायसम वाढलं आणि हळूच विचारलं, "का गं, आवडलं नाही का?" तिनं मान हलवली, आवडलं म्हणून, आणि ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प बसायची खूण केली. मी तिला नव्हे, ती मला! मला हसू आलं. पण तिचा चेहरा इतका गंभीर होता की ते तिथंच विरलं.

जेवणं झाली. पोरं एकदम उठली. उठण्याआधी प्रत्येकानं आपलं पान मिटलं, अगदी काळजीनं, घडीवर घडी बसेल असं. मग हौदावर हात धुतले आणि मागे न बघता, कुणाला 'येतो' न म्हणता वस्तीच्या वाटेला लागली.

मी वळून पानांकडे बघितलं.

सगळी पानं पलीकडे मिटलेली होती. आमच्या तंजावूरकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं. म्हणजे तृप्त झालो, संबंध राहू दे, पुन्हा येऊ. पलीकडे मिटायचं ते एकाच जेवणात, मर्तिकाच्या. म्हणजे असा प्रसंग या घरावर पुन्हा न येवो. आणि इथं दोन्ही ओळींत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पान आपल्याकडे मिटलेलं नव्हतं. एकच होतं, अण्णांचं.

अंजलै पाण्याची घागर घेऊन चुलीकडून आली, तिनं पाहिलं, आणि "अय्यो" म्हणून जागीच उभी राहिली.

अण्णांनीही पाहिलं. आधी त्यांच्या लक्षात आलं नसावं, मग आलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गाडीकडे चालायला लागले. मी मागे धावले.

"अण्णा, थांबा! पोरं आहेत हो ती, त्यांना काय कळतंय?"

"काय कळतंय?" ते गर्रकन वळले. मराठीतच बोलत होते, म्हणजे वस्तीला कळू नये म्हणून, पण ते ओरडणं कुठल्या भाषेत कळणार नाही? "एक पोर चुकलं असतं तर मी समजलो असतो. सगळीच्या सगळी? कुणीतरी शिकवून बसवलंय त्यांना. बागेला कुंपण घालतोय म्हणून माझ्या घराला शाप देताय? माझी हरिता सातव्या महिन्यात आहे भुवना! आणि तू मला बोलावून, माझ्याच तांदळाचं जेवायला घालून, माझ्यासमोर हे..."

"जिभेला काही हाड आहे का तुमच्या?" मीही चढले. "मी शिकवलं? मी? हरिताला न्हाऊमाखू घातलंय मी या हातांनी!"

"मग कुणी शिकवलं?"

खरंच कुणी शिकवलं?

"उद्या माणसं पाठवतो," अण्णा म्हणाले. "पत्रे उतरवून घेतील. चुली बाहेर काढा आजच."

झालं. उद्या पत्रे, उद्याच लॉरी. अंजलैला मराठी येत नाही, पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घागर खाली ठेवली. ती रडली नाही. झोपडीच्या दिशेनं वळून बघत तिनं फक्त एवढंच विचारलं, "जननीचेही कपडे बांधू का अम्मा?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. एवढी वर्षं शाळेत शिकवलं, एवढ्या मुली पुढे काढल्या, आणि इथं एका पोरीला एका जागी बसवून ठेवणं माझ्याच्यानं होईना.

अण्णा गाडीत बसले. दार ओढून घेणार तोच दाराशी जननी उभी. वाटेवरून परत आली होती, धापा टाकत होती. आई तशीच उभी राहिलेली तिनं लांबून पाहिली असावी. तिनं दोन्ही हात पोटाशी धरले आणि आजोबांना हाक मारावी तसं अण्णांना तमिळमध्ये विचारलं, "तात्ता, तुमच्या घरातलं कोण गेलं?"

अण्णा भडकले. "कुणी नाही गेलं! सगळे सुखरूप आहेत. असलं अभद्र बोलायचं नाही!"

पोर घाबरली, पण हलली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली.

"कुणी नाही गेलं?" ती म्हणाली. "मग आम्हाला जेवायला कशाला बसवलं?"

अण्णांचा हात दारावर तसाच राहिला.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

जननी मला समजावून सांगायला लागली. संगीता तिला बेरीज सांगते ना, त्याच आवाजात. "मोठे तात्ता गेले तेव्हा इथंच पानं मांडली होती. याच झाडांखाली. वडै होती, पायसम होतं. आई म्हणाली होती, मेलेल्या माणसाच्या घरचं जेवण आहे, गप्प जेवायचं, हसायचं नाही, पान तिकडे मिटायचं, येतो म्हणायचं नाही, मागे बघायचं नाही. आज पण तुम्हीच आलात, पानं मांडली. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, दंगा करू नका, तात्तांना वाईट वाटत असेल."

अप्पाजीकाकांचा तेरावा माझ्या डोळ्यांसमोर आला. तिकडे वाड्यात आमच्या पंगती, आणि इथं बागेत वस्तीला जेवण. मोठं पुण्याचं काम झालं म्हणून आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

अण्णा अंजलैकडे वळले. आवाज खाली आला होता. "हरिताच्या लग्नात तर सगळ्या गावाला जेवण होतं. तुम्ही नव्हता आलात?"

"आलो होतो की अय्या," अंजलै म्हणाली. "मागच्या दाराला आलो होतो. तुमच्या माणसांनी डबे भरून दिले. घरी आणून खाल्लं. लाडूसुद्धा होते."

"पानावर नाही बसवलं?"

"लग्नात आम्हाला पान कोण मांडतं अय्या?" तिला प्रश्नच कळला नव्हता. तिच्या बोलण्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. पाऊस कधी पडतो ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. "कुठल्याच घरात नाही मांडत. कुणी गेलं की मांडतात."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. कुणावर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी मराठीत म्हटलं, "ऐकलंत अण्णा? मेलेल्याला पुण्य लागतं, तेव्हा ही माणसं आपल्याला पानावर लागतात. आपल्या घरी आनंद झाला की यांना डबा, आणि तोही मागच्या दारानं. पोरांना तुमच्या घरचं एकच जेवण माहीत आहे, ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं. आणि तुम्ही म्हणता शाप! अहो, ती पोर तुमचं दुःख वाटून घ्यायला बसली होती."

मला वाटलं, आता हा माणूस गाडी सुरू करून निघून जाईल. अण्णांना कुणी बोललेलं कधी खपलेलं नाही. लहानपणी कॅरममध्ये हरले तरी सोंगट्या उधळायचे. पण ते पाय बाहेर टाकून सीटवर तसेच बसून राहिले. चष्मा काढला, वेष्टीच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला.

मग ते जननीला म्हणाले, "भूक लागते ना, म्हणून जेवायला बसवलं."

जननीला हे पटेना. "कुणी गेलेलं नसलं तरी?"

"नसलं तरी."

"उद्या?"

अण्णांनी शेडकडे बघितलं. चुलीचा धूर अजून निघत होता. "उद्याही," ते म्हणाले.

मी वेळ घालवते की काय! "आणि कुंपण?"

"शेड सोडून घालतो."

"आणि तांदूळ?"

"उद्याही म्हटलं ना! तू गप्प बस जरा भुवना, नाहीतर सगळं रद्द करीन."

मी गप्प बसले. ओठ घट्ट मिटून घेतले आणि अंजलैकडे वळून तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं, अगदी दोनदा. तिनं जननीला ओढून पोटाशी घेतलं. हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, कारण आता लॉरीत ती एकटीच बसणार होती आणि आडीपर्यंत लेकीचं तोंड दिसणार नव्हतं. "आजीला त्रास देऊ नकोस," ती पोरीच्या केसांत तोंड घालून म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. आम्ही जिंकलो होतो म्हणायचं, आणि जिंकण्यात हे असं होतं.

अण्णांनी घसा खाकरला. "भुवना, शुक्रवारी हरिताचं डोहाळजेवण, तिला बांगड्या भरायच्या आहेत. या सगळ्या पोरांना घेऊन ये. पुढच्या दारानं आण. मी स्वतः पानं मांडतो, आमच्या पंगतीतच." एवढं बोलून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. चेहऱ्यावर रंग आला. "सांग तिला."

मी जननीला सांगितलं. मोठ्या घरी, पुढच्या दारानं, अक्काच्या बांगड्यांच्या जेवणाला, पानावर. मला वाटलं, पोर उडी मारेल.

तिनं आईच्या कुशीतून तोंड बाहेर काढलं आणि अण्णांकडे बघून म्हणाली, "येतो तात्ता. पण पान नको. ताटात वाढा. पानावर हसायचं नसतं."